वाघदऱ्याची मुक्कामी गाडी

गंगापूर रोडचे बंगले संपले की डोंगराच्या अंगाला एक फाटा फुटायचा. त्या फाट्याच्या टोकाला वाघदरा. गाव माळ्यांचं. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. सकाळी तोडायचं आणि ऊन चढायच्या आत नाशिकच्या बाजारात नेऊन विकायचं, एवढाच गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. गावाच्या वरच्या अंगाला पेठकडून मजुरीला येऊन राहिलेल्या डोंगरी माणसांची खोपटं होती. त्यांची बायामाणसं माळ्यांच्या मळ्यात खुरपायला यायची, आणि दिवाळी झाली की त्यातली बरीचशी द्राक्षाच्या कामाला खाली निघून जायची.

नाशिकची शहर बस त्या काळी महामंडळच चालवायचं. मुंबईला जाणारी लांबची गाडी त्यांचीच आणि सीबीएस स्टँडवरून सिडकोला जाणारीही त्यांचीच. डेपो तोच, ड्रायव्हर तेच. त्यामुळे शहराच्या कडेच्या गावांचा एक फायदा झाला. अर्ज-विनंत्या करून, चार वेळा खेटे घालून, त्र्याण्णव साली वाघदऱ्याला शहर बस मिळाली. रात्रीची शेवटची गाडी गावात मुक्कामाला थांबायची आणि पहाटे फुलांचे भारे घेऊन निघायची.

गाडी सुरू झाली तेव्हा शुभांगी पाचवीत जाणार होती. तिच्या आईनं, नवसाबाईनं, पहिल्या दिवशी स्वतः गुंफलेली झेंडूची माळ गाडीच्या काचेवर बांधली होती. त्याआधी नवसाबाई डोक्यावर भारा घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायची आणि तिथं दुधाच्या टेम्पोवाल्याची मनधरणी करायची. गाडीनं तिची मान सुटली. आणि शुभांगीची शाळाही सुटता सुटता राहिली. गावात चौथीपर्यंतच वर्ग होते. गाडी नसती तर चौथीनंतर तिच्या हातात खुरपंच आलं असतं. तिच्याहून थोड्या मोठ्या, दोन वर्षं आधी चौथी झालेल्या मुलींच्या हातात तेच आलं होतं.

ती त्याच गाडीनं बारावीपर्यंत शिकली. दोन हजार तीनच्या सुमाराला महामंडळात बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायला लागले तेव्हा तिनं अर्ज केला. वडील, चिमाजी, फारसं बोलणारे नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं की पुरुषांच्या गर्दीत तू उभी राहशील का. ती म्हणाली, राहीन. मग त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. नवसाबाईनं मात्र तिचा खाकी ड्रेस पहिल्यांदा धुतला तेव्हा वाळत घातला तो घरामागे नाही, पुढच्या अंगणात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून.

पहिलं वर्ष तिनं शहरातल्याच फेऱ्या केल्या. वाघदऱ्याच्या गाडीवर तेव्हा चंदर कंडक्टर होता. हसतमुख माणूस. गावाचा फार लाडका. भाऱ्याचं लगेज तिकीट त्यानं कधी फाडलं नाही. माणसांचंही तो अर्ध्यांचं फाडायचा आणि उरलेल्यांकडून जे हातावर ठेवतील ते खिशात टाकायचा. कुणी मेथीची जुडी द्यायचं, कुणी गजरा. गाडी रोज माणसांनी आणि फुलांनी गच्च भरून जायची आणि डेपोतल्या हिशेबात ती रोज अर्धी रिकामी असायची. एकदा चेकिंगवाल्यांनी गाडी फाट्यावर अडवली. चंदर निलंबित झाला. गावानं चार दिवस हळहळ केली.

त्याच्या जागेवर डेपोनं शुभांगीला टाकलं. बाईला मुक्कामी गाडी सहसा देत नसत. पण हिचं घरच त्या गावात होतं, तेव्हा राहायची अडचण नव्हती. ड्रायव्हर सावळीराम होते, निवृत्तीला आलेले, पिंपळगावकडचे. रात्री गाडी देवळापुढं लावून ते नवसाबाईकडे जेवायला येत आणि गाडीतच झोपत. शुभांगीला वाटलं, आपल्यासारखी नशीबवान आपणच. आपल्याच गावची गाडी, आपल्याच माणसांची तिकिटं.

पहिल्याच पहाटे तिला कळलं की हे तितकं सोपं नाही. सखुबाई, तिची चुलत चुलती, भारा पायाशी ठेवून खिडकीशी बसली होती. शुभांगीनं तिकीट मागितलं तेव्हा ती हसली. तिला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. शुभांगीनं पुन्हा मागितलं. मग भाऱ्याचंही तिकीट सांगितलं. सखुबाईनं पदराची गाठ सोडली, पण सोडता सोडता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या मांडीवर वाढली आन्‌ आमच्याच पुढं हात पसरती."

शुभांगीचे कान तापले. तेवढ्यात मागच्या बाकावरून नवसाबाई उठली. गर्दीतून वाट काढत पुढं आली आणि लेकीपुढं पैसे धरले.

"एक माझं फाड," ती म्हणाली, "आन्‌ एक भाऱ्याचं."

शुभांगीनं आईचं तिकीट फाडलं. नंतर एकेकानं तिकीट घेतलं. पण त्या दिवशी रविवार कारंज्यावर बाजारासाठी उतरताना कुणी तिच्याकडं बघितलं नाही.

तरी महिना-दोन महिने बरे गेले. गावाची सवय मोडेल, असं तिला वाटत होतं. डेपोत साहेबांनी तिला बोलावून शाबासकी दिली. या रूटवर तिकिटांचा इतका भरणा कधी आला नव्हता. ती खुशीत घरी आली. पण दसऱ्याला गावातल्या वाल्मीकनं जीप घेतली. काळी-पिवळी. वाल्मीक दारापर्यंत यायचा, भारे टपावर फुकट टाकायचा आणि तिकिटापेक्षा थोडं कमीच घ्यायचा. वेळेचं बंधन नाही, कुणाची फुलं तोडायची राहिली असतील तर थांबायचा. आधी दोन-चार घरं तिकडं गेली. मग सखुबाई गेली. होळीपर्यंत मुक्कामी गाडीत सकाळी माणसांपेक्षा बाकडी जास्त दिसायला लागली. नवसाबाई तेवढी शेवटपर्यंत गाडीनंच येत राहिली. बाजारात पोचायला तिला उशीर व्हायचा, जीपवाल्या बायकांनी गिऱ्हाईक गाठलेलं असायचं. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

उरल्या शाळेच्या मुली. त्यांना मोफत पास होता. त्या सात-आठजणींत एक पल्लवी होती, वरच्या खोपटांतली, मंगळू आणि भागीबाईची थोरली. भागीबाई नवसाबाईच्याच मळ्यात कामाला यायची. खोपटांतली एवढी शिकणारी ही पहिलीच पोर. सगळ्यांत आधी येऊन ती कंडक्टरच्या सीटमागच्या बाकावर बसायची आणि गाडीचे हिसके बसत असतानाही वहीत लिहायची. अक्षर वाकडं यायचं. मग शाळेत बाई ओरडतात म्हणून तिनं एक युक्ती काढली. गाडी थांब्यावर उभी असेल तेव्हाच लिहायचं आणि चालू झाली की पाठ करायचं. शुभांगीला तिची फार गंमत वाटायची. रिकाम्या गाडीत तिचाच सहवास होता. ती तिला प्रश्न विचारायची, पल्लवी उत्तरं द्यायची, आणि पुढं सावळीरामकाका आरशातून बघून मान डोलवायचे.

एकदा पल्लवीनं विचारलं की कंडक्टर व्हायला किती शिकावं लागतं. शुभांगीनं सांगितलं, दहावी तरी पाहिजेच. पल्लवी नववीत होती. ती बोटांवर न मोजता म्हणाली, "म्हंजे जवळ आलं."

पुढल्या वर्षी पावसाळा सरता सरता डेपोत कुजबुज सुरू झाली. वाघदऱ्याचा रूट तोट्यात आहे. शुभांगीला आधी ते खरं वाटेना. मग नोटीस बोर्डावर कागदच लागला. एक तारखेपासून फेऱ्या बंद. ती तशीच, खांद्याला तिकिटाची पेटी अडकवून, साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. चहा मागवला. ती म्हणाली, साहेब, गाडीत मुली असतात, सात-आठ मुली, त्यांची शाळा आहे. साहेब म्हणाले की पासवाल्या मुलींवर गाडी चालत नाही, वरून विचारणा होते ती भरण्याची होते. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

"बाई, उद्या सकाळी तुम्ही इंदिरानगरच्या स्टॉपवर जाऊन उभ्या राहा," ते म्हणाले. "नुसतं बघा. आणि मग मला येऊन सांगा, माझ्याकडे एक गाडी आहे, ती मी कुठे पाठवू."

दुसऱ्या दिवशी तिची साप्ताहिक सुट्टी होती. ती गेली. इंदिरानगर तेव्हा झपाट्यानं वाढत होतं. जिथं तिच्या लहानपणी ज्वारी असायची तिथं तीन-तीन मजली अपार्टमेंट उभी होती. स्टॉपवर पन्नास-साठ माणसं. गाडी आली ती भरूनच. पायरीवर पोरं लोंबकळत होती. एक पोटुशी बाई दोनदा पुढं सरकली आणि दोनदा मागं ढकलली गेली. दुसरी गाडी तर थांबलीच नाही. शाळेच्या दोन मुली रडकुंडीला आल्या होत्या, त्यांची परीक्षा होती. शुभांगी तासभर तिथं उभी होती. साहेबांनी खोटं सांगितलं नव्हतं. तसं असतं तर तिला बरं वाटलं असतं; भांडता तरी आलं असतं.

ती साहेबांकडे परत गेली नाही.

शेवटच्या दिवशी गाडीत नवसाबाई होती, मुली होत्या, आणि वरच्या खोपटांतला एक म्हातारा होता, त्याला सिव्हिल हॉस्पिटलला जायचं होतं. सावळीरामकाकांनी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. संध्याकाळी परतीच्या फेरीत मुलींना उतरवून गाडी वळवली तेव्हा गावातली माणसं ओट्यांवर बसून बघत होती. सखुबाईही होती. इतके दिवस ती शुभांगीशी बोलत नव्हती. आता मात्र ती उठून गाडीजवळ आली.

"चंदर व्हता तवर गाडी व्हती," ती म्हणाली. "तू आली आन्‌ तुझ्या तिकिटानं गाडी खाल्ली."

शुभांगी दारात उभी होती. तिनं दोरी ओढली, घंटी दिली. गाडी निघाली. फाट्यावर सावळीरामकाकांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागं वळून म्हणाले, "पोरी, चंदर असता तरी गाडी बंदच पडली असती. आज नाही, उद्या. तू मनाला लावून घेऊ नको."

ते खरं होतं की नाही हे तिला आजवर ठरवता आलेलं नाही. चंदरच्या वेळी गाडी भरलेली होती आणि हिशेब रिकामा. तिच्या वेळी हिशेब चोख झाला आणि गाडी ओस पडली. यातलं कुठलं गावाला जास्त महागात पडलं, हे तिला कुणाला विचारताही येत नव्हतं.

तीच गाडी, त्याच नंबरची, दुसऱ्या दिवसापासून इंदिरानगरला लागली. आणि तिच्यावर ड्युटी शुभांगीचीच. वाघदऱ्याहून आता पहाटे निघायला गाडीच नव्हती, तेव्हा तिनं सीबीएसजवळ आणखी दोन लेडी कंडक्टरांबरोबर खोली घेतली. दिवसभर ती गर्दीत घुसून तिकिटं फाडायची. पाय ठेवायला जागा नसायची. कंडक्टरच्या सीटमागच्या बाकावर रोज वेगळी माणसं बसायची. आठवड्यातून एकदा ती घरी जायची, फाट्यापासून चालत. वाल्मीकची जीप शेजारून गेली तरी हात करायची नाही. मळ्यातल्या विहिरीवर चिमाजीच्या पाण्याच्या पाळीवरून भावकी आता कुरकुर करायला लागली होती. पूर्वी असं होत नसे. चिमाजी रात्रीचं पाणी घ्यायला लागले.

मुलींपैकी माळ्यांच्या पोरी जीपनं जाऊ लागल्या. त्यांच्या बापांना ते पैसे जड नव्हते. खोपटांतली पल्लवी मात्र फाट्यापर्यंत चालत जायची आणि तिथून मोठ्या रस्त्याची गाडी धरायची. रस्ता झाडीतून. पहिले काही दिवस तिच्याबरोबर आणखी एक पोर होती, ती नंतर घरी बसली. मग भागीबाई स्वतः लेकीला पोचवायला लागली. पण लेकीला पोचवून ती मळ्यात यायची तोवर कामाचा अर्धा पहर गेलेला असायचा, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

एका सुट्टीच्या दिवशी शुभांगी घरी आली तेव्हा भागीबाई ओट्यापाशी उकिडवी बसलेली होती. शुभांगीचीच वाट बघत होती.

"मोटार बंद झाली नी पोरीची शाळा बी गेली बाई," ती म्हणाली. "तिचा बा सांगतो, वयात आलेली पोर एकली रानातून नाय धाडायची. मी काय करू?"

शुभांगीनं सांगितलं, जीपचे पैसे मी देते. भागीबाईनं मान हलवली. मंगळूला ते चालणार नव्हतं. दुसऱ्याच्या पैशानं पोर रोज जीपमध्ये पुरुषांत बसून जाते, याला खोपटांत नावं ठेवली असती. शुभांगी म्हणाली, मग मी तिला माझ्या खोलीवर ठेवते. पण खोली तिघींची होती आणि घरमालक आधीच कटकट करत होता. हे म्हणतानाच तिला ते अवघड वाटलं, आणि भागीबाईलाही तिच्या आवाजातून ते कळलं असावं. ती उठली. जाताना म्हणाली, "तुजा जीव हाय पोरीवर. तेवढं पुष्कळ."

शुभांगी गप्प बसली नाही. नाशिकमध्ये आदिवासी मुलींसाठी एक वसतिगृह होतं, तिथं ती ड्युटीच्या कपड्यांतच गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, या वर्षीच्या जागा भरल्यात, कुणी सोडून गेली तर बघू. ती पुन्हा गेली. दिवाळीनंतर गेली. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेली. सुट्टीचे दिवस या खेट्यांतच जायचे, घरी जाणं मागं पडलं. त्या बाईंनाही आता तिची सवय झाली होती. पाणी द्यायच्या, हळहळायच्या, पण जागा नव्हती.

फेब्रुवारी संपत असताना त्यांनीच डेपोत निरोप धाडला. एक मुलगी घरी गेली आहे, परत यायची नाही. पल्लवीला आणा. यंदाची परीक्षा हुकली तर हुकू दे, जूनपासून पुन्हा दहावीला बसेल.

शुभांगीनं त्याच दिवशी रजा टाकली. फाट्यापासून ती जवळजवळ पळतच वाघदऱ्यात आली. वरची खोपटं बंद होती. दारांना दोऱ्या बांधलेल्या. ती मळ्यात आली. नवसाबाई शेवंतीत वाकलेली होती.

"गेली ना ती समदी," नवसाबाई म्हणाली. "पिंपळगावला. द्राक्षावर. तुला ठावं नव्हतं का?"

दरवर्षी जातात, हे शुभांगीला माहीत होतं. पण गेल्या दोन वर्षांत पल्लवीसाठी भागीबाई मागं राहिली होती, मंगळू एकटाच जायचा. या वेळी मागं राहायचं कारणच उरलेलं नव्हतं.

पिंपळगाव बसवंतला ती दुसऱ्या दिवशी पोचली. सावळीरामकाका तोवर निवृत्त होऊन तिथंच घरी होते. त्यांना घेऊन ती हायवेच्या कडेच्या पॅकहाउसांतून विचारत हिंडली. टेम्पोंची रांग, क्रेटच्या थप्प्या, सगळीकडे द्राक्षाचा गोड आंबूस वास. चौथ्या की पाचव्या ठिकाणी मुकादम म्हणाला, आहे एक पल्लवी. आत थंड हॉलमध्ये डोक्याला टोपी बांधलेल्या बायका लांब टेबलाशी उभ्या राहून कात्रीनं घडांतले खराब मणी काढत होत्या. मुकादमानं हाक मारली तेव्हा त्यांतली एक वळली.

शुभांगीनं तिला आधी ओळखलं नाही, कारण गळ्यात काळे मणी होते.

पल्लवी हॉलबाहेर आली. टोपी काढली. हसली, आणि मग हातातली कात्री कुठं ठेवावी हे न कळून ती दोन्ही हातांत धरून उभी राहिली. माघात लग्न झालं होतं. मुलगा पेठकडचाच, टेम्पोवर हमाली करायचा. भागीबाई आणि मंगळू पलीकडच्या वाडीत तोडणीला होते.

सावळीरामकाका थोडे बाजूला जाऊन उभे राहिले.

शुभांगीला वसतिगृहाचं सांगायचं होतं. त्यासाठीच ती आली होती. पण आता ते सांगून काय करायचं ते तिला कळेना. तरी तिनं सांगितलं. न सांगणं तिला खोटेपणाचं वाटलं. पल्लवीनं सगळं नीट ऐकून घेतलं. वसतिगृह कुठल्या रस्त्याला आहे, तिथं मुली किती आहेत, असं काहीबाही विचारलं. मग म्हणाली, "आता नाय ना जमायचं."

"तू म्हणालीस तर मी तुझ्या सासरच्यांशी बोलते," शुभांगी म्हणाली.

पल्लवीनं मान खाली घालून नाही म्हटलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ताई, आपली गाडी आता कुठं जाती?"

"इंदिरानगरला."

"भरती का?"

"भरते. उभं राहायला जागा नसते."

"मग बरं हाय," पल्लवी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. गाडी रिकामी जायची तेव्हा शुभांगीचं तोंड उतरायचं, हे त्या पोरीनं मागच्या बाकावरून वर्षभर पाहिलेलं होतं.

मुकादमानं आतून आवाज दिला. पल्लवीनं टोपी पुन्हा बांधली. जाता जाता ती थांबली, आत गेली आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली मूठभर द्राक्षं घेऊन आली. घडांतून काढून टाकलेले मणी होते ते. नवसामावशीला दे, म्हणाली.

परतीच्या गाडीत शुभांगीला खिडकीशी जागा मिळाली. ती नाशिक येईपर्यंत बाहेर बघत होती, पण तिला काय दिसलं ते नंतर आठवेना. रडूही आलं नाही. सावळीरामकाकांनी स्टँडवर निरोप घेताना तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, तेव्हा आलं होतं तेवढंच. रजेचा अजून एक दिवस होता. ती खोलीवर न जाता घरी निघाली. फाट्यावर उतरली तेव्हा दिवस कलला होता. वाल्मीकची जीप उभी होती. वाल्मीकनं आपणहून विचारलं, येतेस का. ती जाऊन बसली. त्यानं पैसे घेतले नाहीत आणि तिनंही ते काढले नाहीत. तिला तेवढंही बोलायचं नव्हतं.

घरी नवसाबाई दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी माळा गुंफत बसली होती. चिमाजी मळ्यात होते. शुभांगीनं हातपाय धुतले आणि आईसमोर बसून तीही सुईत दोरा ओवू लागली. द्राक्षांची पुडी मध्ये ठेवली. कुणाची, ते सांगितलं. मग हळूहळू सगळंच सांगितलं. नवसाबाई माळ गुंफत ऐकत राहिली. पोरीचं लग्न झालं हे ऐकल्यावर तिचे हात थांबले. पुडीतला एक मणी तिनं उचलला, पदराला पुसला आणि तोंडात टाकला.

"नवरा कसा हाय?" तिनं विचारलं.

"टेम्पोवर हमाली करतो."

"ते झालं गं. मानूस कसा हाय? पितो का? मारझोड नाय ना करत?"

शुभांगीच्या हातातली सुई तशीच राहिली. हे तिनं पल्लवीला विचारलंच नव्हतं. वसतिगृह, परीक्षा, जून महिना, सगळं बोलून झालं होतं. पण ती पोर कशी आहे, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"विचारलं नाय," ती म्हणाली.

नवसाबाईनं लेकीकडं पाहिलं. मग शेवंतीची टोपली तिच्याकडं सरकवली. दोघी अंधार पडेपर्यंत गुंफत बसल्या.